घर आलं की फ्रेम पडतात

आबा कधी नव्हे ते माझ्या खोलीत आले, संगणकावर विमान उडवायच्या माझ्या सिम्युलेटरसमोर खुर्ची ओढली आणि म्हणाले, "ह्यातनं आपलं घर दिसतं का रं?" मी म्हटलं, दिसतं की. आमचं घर कोपरखैरण्यात, माथाडींच्या वसाहतीत. मुंबईच्या रनवे २७ ला उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरूनच जातात. गॅलरीत उभं राहिलं तर सोडलेली चाकं दिसतात, शेपटीवरचे रंग ओळखता येतात. निवृत्त झाल्यापासून आबांची संध्याकाळ तिथंच जाते. त्यांना तेच घर वरून दाखवायचं, एवढंच काम होतं. कल्याणच्या अंगाला तीन हजार फुटांवर एअरबस ए३२० ठेवली, आयएलएस, म्हणजे रनवेची वाट दाखवणारा रेडिओ इशारा, पकडला, पंखांचे फ्लॅप सोडले. शिळफाटा गेला, पारसिकचा डोंगर पोटाखालून मऊ सरकला, एमआयडीसीची पत्र्याची छपरं आली. "आता बघा हं, डावीकडं," असं मी म्हणतोय तोच चित्र अडखळलं. एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, मग नुसतीच थांब, मग एकदम पुढची. मधलं अर्धं कोपरखैरणे गेलं कुठं ते कळलंच नाही. जिथं आमची इमारत असायला हवी तिथं उतरत्या लाल छपरांची, युरोपातल्या कुठल्या तरी गावात शोभेल अशी एक रांग उभी होती. तेवढ्यात खाडी आली. आबा उठले. "हे न्हाय आपलं," म्हणाले आणि बातम्या लावायला बाहेर गेले.

इमारत वेगळी असणार हे मला ठाऊकच होतं. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिम्युलेटरमध्ये जगातल्या बहुतेक इमारती कुणी हातानं उभ्या केलेल्या नाहीत. ब्लॅकशार्क नावाच्या ऑस्ट्रियन कंपनीनं बिंगच्या उपग्रहचित्रांवर संगणक बसवला. छपराचा आकार आणि रंग पाहून इथं काय असेल याचा त्यानं अंदाज बांधला आणि अशी दीड अब्ज घरं जमिनीवर ठेवली. दीड अब्जांत आमचं एक चुकलं तर तक्रार कुणाकडं करायची! मला खटकत राहिलं ते अडखळणं, आणि तेही नेमकं तिथंच.

कारण समुद्रावर ते होत नाही. अरबी समुद्रावरून येताना हेच मशीन, हेच विमान, सेकंदाला पन्नास-साठ फ्रेम सहज देतं. सह्याद्री ओलांडताना थोडं उतरतं, पण टोचत नाही. आणि कल्याण-डोंबिवलीच्या पुढं, जिथल्या प्रत्येक वळणाला मला नाव माहीत आहे, तिथं आकडा पंचवीस, बावीस, अठरा असा खाली येतो. सिममध्ये डेव्हलपर मोड सुरू केला की कोपऱ्यात एक छोटी चौकट येते, आणि अडचण कुठं आहे ते ती सांगते. माझ्याकडं तिथं ठळक अक्षरांत असायचं : 'लिमिटेड बाय मेनथ्रेड'. म्हणजे ग्राफिक्स कार्ड बसून आहे. प्रोसेसरचे सहातले पाच कोअर, म्हणजे आतले काम करणारे भागही, बऱ्यापैकी रिकामे आहेत. अडलंय ते एका धाग्यावर, या मेनथ्रेडवर, म्हणजे एकाच कोअरवर ओळीनं चालणाऱ्या कामावर. कोणतं घर जवळ, कोणतं लांब, कोणत्या रस्त्यावर गाडी धावतेय, कॉकपिटमधल्या पडद्यांवर कोणता आकडा बदलायचा, कार्डाला चितारायला काय काय द्यायचं, हे सगळं ठरवण्याचं बरंचसं काम हा एकटा करतो. तीस फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी त्याच्याकडं ३३ मिलिसेकंद असतात. साठ हव्या असतील तर साडेसोळाच्या आसपास. समुद्रावर ठरवण्यासारखं काही नसतंच. नवी मुंबईवर ठरवण्यासारखं दुसरं काही उरतच नाही.

आबांना हे जेवताना सांगितलं, तर त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळलं. त्यांचं आयुष्य आधी मस्जिद बंदरला आणि मग वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पोत्यांखाली गेलंय. "ट्रकमागं धा गडी हुबं हायेत आन् थप्पी लावणारा एकच, असंच की हे," म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पर थप्पी एकानंच लावायची असती. दोघांनी लावली तर ढासळती." प्रोसेसरवर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी मला एवढ्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. हे काम दहा जणांत वाटून का देता येत नाही, तर पुढचं पोतं कुठं बसेल ते मागचं कुठं बसलं यावर अवलंबून असतं म्हणून.

मग मी मशीनच्या मागं लागलो.

हा नाद जुना आहे. कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडवरून, घासाघीस करून, एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणलं होतं. लोकलमध्ये ते पोटाशी धरून उभा होतो आणि शेजारचा माणूस खोक्यावरचं राक्षसाचं चित्र वाशी येईपर्यंत निरखत होता. तेव्हा एफएसएक्स होता, मायक्रोसॉफ्टचाच जुना सिम्युलेटर, २००६ चा. तो मल्टिकोअर प्रोसेसर घराघरांत येण्याच्या नेमक्या आधीच्या दिवसांत लिहिलेला, त्यामुळं त्याचा सगळा भरवसा एका कोअरच्या वेगावर. त्याची एक साधी मजकुराची फाइल असायची. ती नोटपॅडमध्ये उघडायची आणि त्यात बफरपूल्स, टेक्श्चर बँडविड्थ, फायबर फ्रेम टाइम अशा ओळी घालत बसायचं. कुणी सांगायचं ०.३३ ठेव, कुणी म्हणायचं ०.१ कर, उडायला लागेल. प्रत्येक बदलानंतर सिम बंद करून पुन्हा लावायचं. तेवढ्यात चहा व्हायचा. यातलं निम्मं मनाचं समाधान होतं असं आज वाटतं, पण समाधानही काही वाईट गोष्ट नव्हे. एफएसएक्स ३२ बिटांचा. रॅम कितीही लावा, ४ जीबीच्या पलीकडं त्याचा हात पोचत नसे. दुबईहून निघायचं, तीन तास सगळं गोड चालायचं, आणि मुंबई जवळ आली की विमानतळाचं सामान मेमरीत यायला लागायचं. खालचे दिवे दिसायला लागले की पडद्यावर 'आउट ऑफ मेमरी'. रात्रीचा एक वाजलेला, सकाळी प्रॅक्टिकल, आणि विमान कायमचं खाडीच्या अलीकडं. तेव्हाही घर जवळ आलं की बिनसायचं हे आता लिहिताना ध्यानात येतंय.

आताच्या मशीनची गोष्ट वेगळी. रायझन ५ ३६००, आरटीएक्स ३०६०, ३२ जीबी रॅम. कागदावर वाईट नाही. बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगांत, शिरलो तेव्हा दिसलं की ३२०० ची रॅम २१३३ वर चालतेय. ज्या दुकानात मशीन जुळवलं तिथं एक्सएमपी चालू करायचं राहून गेलं होतं, आणि ते चालू केल्याशिवाय रॅम आपला खरा वेग दाखवत नाही. वर दोन्ही पट्ट्या शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये खोचलेल्या, म्हणजे ड्युअल चॅनलही नाही, दोन्ही पट्ट्या एका वेळी वापरल्याच जात नव्हत्या. पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या, एक ओळ बदलली, आणि एक रुपया न घालता मधले धक्के बरेच कमी झाले. सरासरी फ्रेम फारशा वाढल्या नाहीत, पण उडवणाऱ्याला सरासरीशी कर्तव्य नसतंच. चाळीसची सरासरी आणि मध्येच शंभर मिलिसेकंदांचा झटका, यापेक्षा गुळगुळीत तीस शंभर पटींनी बरे. जमिनीपासून वीस फुटांवर एअरबस 'रिटार्ड' म्हणते, थ्रॉटल मागं घ्यायचा असतो आणि नाक किंचित उचलायचं असतं. तो झटका नेमका तिथं आला तर चाकं कधी टेकली हे आवाजावरून कळतं.

मग संगणकाचा डबा उघडला. आमच्या भागात धूळ दोन तऱ्हेची. एक सगळ्यांच्या घरात असते ती मऊ, कपड्यांची. दुसरी करडी, पिठासारखी बारीक. ती पूर्वी डोंगराच्या खाणींतून यायची, आता रस्त्यांच्या आणि टॉवरांच्या कामांतून येते. पावसाळ्यात तिला दमटपणा लागला की पंख्याच्या पात्यांवर तिचा थर बसतो, आणि तो फुंकरीनं जात नाही, ब्रश लागतो. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. ती पुसली, नवी वाटाण्याएवढी लावली. मे महिन्यात खोलीचंच तापमान ३४ असतं. तिथं थंड देशांतल्या लोकांचे तपमानाचे आकडे वाचून उसासे टाकण्यात अर्थ नाही. प्रोसेसर पंचाण्णवला पोचला की तो आपणहून वेग उतरवतो आणि आपण सेटिंगांना दोष देत बसतो. ग्राफिक्स कार्डाचं व्होल्टेज आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅममधल्या वक्ररेषेवर जरा खाली ओढलं. कार्डाच्या घड्याळाचा वेग तेवढाच राहिला, १७० वॅटचं कार्ड बरंच कमी पिऊ लागलं, पंख्याचा घरघराट उतरला. आईला या सगळ्या उद्योगातलं आवडलेलं एवढंच. शेजारच्या खोलीत मालिका ऐकू येते म्हणाली.

शेवटी प्रोसेसर बदलला. एएमडीचे एक्स३डी मालिकेचे प्रोसेसर सिमवाल्यांत इतके का वाखाणले जातात ते मला आधी कळत नव्हतं. घड्याळाचा वेग तर त्यांचा थोडा कमीच. खुबी एल३ कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातल्या जलद मेमरीत. माझ्या ३६०० मध्ये ती ३२ एमबी, आणि तीही दोन तुकड्यांत. नव्या ५७०० एक्स३डीमध्ये ९६ एमबी, सलग. तो जो बिचारा एकटा धागा आहे, त्याला पुढचं पोतं आणायला गोदामापर्यंत, म्हणजे रॅमपर्यंत, कमी फेऱ्या माराव्या लागतात. बायॉस अद्ययावत केलं की माझ्या जुन्या बी४५० मदरबोर्डावरच तो बसतो, ही मोठी सोय. बायॉस भरत असताना लाईट जाऊ नये म्हणून यूपीएस तपासून बसलो होतो. नेमका धो धो पाऊस आणि दिवे मिणमिणतायत. ती दोन-तीन मिनिटं मी कुठल्या देवाला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही.

फरक पडला. कोपरखैरण्यावर आकडा तिशीच्या खाली जाईना. पण मजा अशी की त्यानंतर लगेच मी हाव सुरू केली. टेरेन लेव्हल ऑफ डिटेल, ज्याला सगळे टीएलओडी म्हणतात, तो शंभरवरून दोनशेवर नेला, आणि पुन्हा तेच. हा एक पट्टा सिममधला खरा मुकादम. आपल्याभोवती किती लांबपर्यंत जमीन, घरं, झाडं नीट तपशिलात दाखवायची हे तो ठरवतो, आणि मेनथ्रेडवर सर्वांत जास्त ओझं तोच टाकतो. बाकीचे तसे गरीब. ढग अल्ट्रावर, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जावर, नेले तर भार कार्डावर. सावल्या, प्रतिबिंबं, पाणी, तेही कार्डावर. कॉकपिटच्या पडद्यांचा रिफ्रेश रेट, रस्त्यावरच्या गाड्या, विमानतळावरची उभी विमानं आणि माणसं, ही मात्र पुन्हा प्रोसेसरची. म्हणून 'सगळं मीडियम करून टाक' हा सल्ला मला कधीच पटला नाही. कुणाचं ओझं कुणाच्या पाठीवर आहे ते न बघता सरसकट कमी केलं तर चित्र भिकार होतं आणि अडखळणं जिथल्या तिथं राहतं. डीएलएसएसचंही तेच, म्हणजे चित्र लहान काढून मग मोठं करण्याच्या युक्तीचं. कार्ड दमलं असेल तर ते वरदान. मेनथ्रेड दमला असेल तर नुसते कॉकपिटचे आकडे धूसर होतात, पदरात काही पडत नाही.

टीएलओडी दोनशेवरून शंभर, शंभरवरून ऐंशी असा मागं आणताना खिडकीतून बघावं. आधी ठाण्याच्या बाजूचे टॉवर विरघळतात. मग मुलुंडकडचे. ऐरोलीच्या इमारती चपट्या होऊन फोटोत मिसळतात. आपल्याभोवती घरांचं एक वर्तुळ उरतं आणि विमानाबरोबर सरकत राहतं. पुढं घरं उगवतात, मागं मावळतात. मला त्यात गंमत वाटायची आणि थोडं अवघडही वाटायचं. या शहरावरून नीट उतरता यावं म्हणून मी त्यातली माणसांची घरं पट्टा सरकवून कमी करत होतो. आणि पहिली कमी होत होती ती लांबची, लहान, दाटीवाटीची. आमची वसाहत त्यातलीच. फ्रेमचा आकडा वर गेला की बरं वाटायचं, हेही खरं.

जुलैत लाइव्ह वेदर लावून उतरणं हा वेगळाच प्रकार. सिमचा हवामानाचा अंदाज बाझेलच्या मेटिओब्लूकडून येतो. खिडकीबाहेर जसं अंधारून येतं तसंच पडद्यावर. ढग थराथरांचे, खरोखर जाडी असलेले. त्यांतून जाताना कार्ड घामाघूम होतं. पहिल्यांदाच चौकटीत मेनथ्रेडऐवजी 'जीपीयू', म्हणजे ग्राफिक्स कार्ड, दिसलं, तेव्हा मला उगाच न्याय झाल्यासारखं वाटलं. पारसिक दिसत नाही, एमआयडीसी दिसत नाही, कोपरखैरणे दिसत नाही. फ्रेम मात्र लोण्यासारख्या. खाली काही दिसतच नसल्यावर हे गुळगुळीतपण काय कामाचं, असं वाटून मी ढग हायवर आणून ठेवले. आता थोडे दाणेदार दिसतात. चालतं.

एका रविवारी आबांना पुन्हा बोलावलं. या वेळी घर नाही, गाव. एअरबस बाजूला ठेवली आणि सेसना १७२ घेतली. तिच्यात पडदे नकोत, सुयांची घड्याळंच बरी, मेनथ्रेडला तेवढीच उसंत. महाबळेश्वरच्या वर हवेतच सुरुवात केली आणि दक्षिणेला कोयनेच्या खोऱ्यात उतरलो. तिथं घरं तुरळक, म्हणून टीएलओडी बिनधास्त तीनशेवर. तरी पन्नास फ्रेम. शिवसागराचं पाणी डोंगरांच्या बोटांमधून आत शिरलेलं, सोंडा एकामागं एक. आबा आधी मागं टेकून बसले होते. तापोळा आलं आणि ते पुढं सरकले. "खाली घे. अजून खाली. त्या सोंडंच्या पल्याड." मग मला नकाशा लागलाच नाही. त्यांच्या बोटावर विमान वळत होतं. इथनं बामणोलीची लाँच सुटायची, हा वासोटा, ही मेट इंदवलीची बाजू. खालचं शिवार धरणात गेलं, ते नेमकं कुठं होतं ते त्यांनी पाण्यावर बोट ठेवून दाखवलं. पडद्यावर त्यांच्या बोटाचा ठसा उमटला. घरं इथंही चुकीचीच होती. आमच्या आळीच्या जागी सिमनं दोन मोठे बंगले बांधून ठेवले होते. त्याबद्दल मात्र आबा काही बोलले नाहीत. पाण्याच्या कडेची तांबडी पट्टी बघून म्हणाले, "हे उन्हाळ्यातलं हाय. पाणी किती उतरलंय बघ." उपग्रहाचं चित्र कुठल्या ऋतूतलं, हा प्रश्न इतकी वर्षं सिममध्ये घालवून मला कधी पडला नव्हता. डोंगराची ओळ, नदीचं वळण, पाण्याची कड एवढं बरोबर असलं की घरांचं त्यांना काही वाटत नाही असं दिसतंय. की चाळीस वर्षं राहूनही कोपरखैरणे त्यांना तितकं घर वाटत नाही? विचारलं नाही मी. विचारलं असतं तर म्हणाले असते, गप उडीव.

त्यानंतर त्यांना चटकच लागली. दर रविवारी कुठं तरी जायचं असतं. एकदा कास, एकदा धरणाची भिंत. मार्केटातले त्यांचे दोन जुने सोबतीही येऊन बसतात. दोघं जावळीचेच. तिघांत कुठली वाट कुठं उतरते यावरून वाद होतात आणि मी तोपर्यंत घिरट्या घालतो. त्यातल्या एकानं विचारलं, याला पेट्रोल लागत न्हाय का. लागतं म्हटल्यावर सगळे काट्याकडं बघायला लागले.

आता मला नवी मुंबईच्या विमानतळाचं बघायचंय. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं सुरू झाली. ३७०० मीटरचा रनवे, दोन टोकांची नावं ०८ आणि २६. उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावं उठवली, त्यावर तो उभा आहे. कोंबडभुजे, तरघर, चिंचपाडा, कोल्ही, कोपर ही नावं आम्ही एनएमएमटीच्या बसच्या पाट्यांवर वाचत मोठे झालो. उपग्रहचित्र म्हणजे कुठल्या तरी एका दिवसाचा फोटो, त्यामुळं सिममध्ये कोणती टेकडी मिळेल, आख्खी की अर्धी, हे चित्राच्या तारखेवर. हौशी लोक अशा नव्या विमानतळांची सीनरी बनवतात, छान बनवतात, पण टर्मिनलच्या प्रत्येक खुर्चीपर्यंत जातात आणि मेनथ्रेडचा जीव काढतात. एका बाजूला पनवेल, एका बाजूला सीवूड्सचे टॉवर, मध्ये हे. तीस फ्रेमचा कुलूपबंद हिशेब तिथं पुन्हा मांडावा लागणार. टीएलओडी साठवर आणीन. एप्रनवरची, म्हणजे विमानं उभी राहतात तिथली, माणसं आणि गाड्या शून्य करीन, एकट्यानं उतरायला माझी हरकत नाही. सीवूड्सचे टॉवर विरघळले तरी चालतील. खारफुटी आणि खाडीचं पाणी मात्र अल्ट्रावरच ठेवणार. तो भार कार्डावर असतो, आणि कार्डाला सध्या दुसरं काही काम नाही.